जिवाणूंच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थ्यांकडून, नव्याने प्रयोग सुरू करणाऱ्यांकडून आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा आले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक असून पुढचे अडचणींचे आणि अपवादांचे आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिलेले असल्यास तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जिवाणूच्या पृष्ठभागावर प्रथिन मांडणे म्हणजे नेमके काय?

जिवाणू आपली बहुतेक प्रथिने पेशीच्या आत तयार करतो आणि आतच वापरतो. काही मोजकी प्रथिने मात्र तो पेशीच्या अगदी बाहेरच्या थरापर्यंत पोहोचवून तेथे घट्ट बसवतो. आपल्याला हव्या असलेल्या प्रथिनाचे जनुक अशा एखाद्या बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले, तर दोन्ही मिळून एकच सलग प्रथिन तयार होते आणि बाहेर जाताना ते आपल्या प्रथिनालाही सोबत नेते. या पानावर बाहेर नेऊन धरून ठेवणाऱ्या भागाला ‘नांगर’ आणि सोबत जाणाऱ्या भागाला ‘पाहुणा’ म्हटले आहे. पाहुणा म्हणून विकर, प्रतिपिंडाचा तुकडा, धातूला चिकटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी किंवा लसीसाठी उपयोगी पडणारा रोगजंतूचा एखादा तुकडा असू शकतो.

२. प्रथिन शुद्ध करून वापरता येत असताना हा खटाटोप कशासाठी?

शुद्धीकरण खर्चिक आणि वेळखाऊ असते, आणि शुद्ध केलेली कित्येक विकरे द्रावणात फार काळ टिकत नाहीत. पृष्ठभागावर बसलेले विकर पेशीसह अपकेंद्रित्रात खाली बसवता येते, धुता येते आणि पुन्हा वापरता येते. दुसरा लाभ असा की ज्या पदार्थावर विकराने काम करायचे, तो पेशीच्या आत शिरू शकत नसला तरी बिघडत नाही. १९९७ साली ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे विघटन करणारे विकर ई. कोलायच्या पृष्ठभागावर मांडण्यात आले, तेव्हा त्या पेशींनी पॅराथिऑनचे विघटन तेच विकर आत बाळगणाऱ्या पेशींपेक्षा सुमारे सातपट वेगाने केले. पॅराथिऑनला आता पेशीत शिरण्यासाठी थांबावे लागत नव्हते.

तिसरे कारण निवडीचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. प्रत्येक पेशी एकच प्रकारचा पाहुणा बाहेर मिरवते आणि त्याचे जनुक पेशीच्या आतच असते. त्यामुळे कोट्यवधी प्रकारांतून हवा तो प्रकार पकडला की त्याचे जनुक आपोआप हाती लागते. ही निवड प्रत्यक्षात कशी चालते ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

३. ही कल्पना कधीपासूनची आहे?

जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये जिवाणूभक्षी विषाणूच्या पृष्ठभागावर परके पेप्टाइड मांडून दाखवले आणि या मार्गासाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९८६ मध्ये ई. कोलायच्या बाह्यपटलातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पडद्यातील, लॅम-बी आणि ओम्प-ए या प्रथिनांच्या बाहेर डोकावणाऱ्या वळणांत परके छोटे तुकडे बसवण्यात यश आले. लॅम-बीमध्ये बसवलेला तुकडा पोलिओच्या विषाणूचा होता. पूर्ण आकाराचे विकर याच जिवाणूवर मांडल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

४. कोणते जिवाणू वापरतात?

सर्वाधिक वापर ई. कोलायच्या के-१२ या वाणाचा आणि त्यापासून निघालेल्या वाणांचा होतो. मूळ के-१२ १९२२ मध्ये वेगळा केला गेला. प्रयोगशाळेत इतक्या पिढ्या काढल्यानंतर त्याच्या पृष्ठभागावरील लांब शर्करासाखळ्या नाहीशा झाल्या आहेत आणि आतड्यात तग धरण्याची त्याची क्षमताही फारशी उरलेली नाही. याखेरीज दुग्धकिण्वनात काम करणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस, मातीतला बॅसिलस सबटिलिस आणि मांसकिण्वनात वापरला जाणारा स्टॅफिलोकॉकस कार्नोसस हेही नेहमीचे आहेत. शेवटचे नाव वाचून दचकू नये, कारण तो रोगकारक स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा निरुपद्रवी नातलग आहे.

५. प्रथिनाला बाहेर नेणे अवघड का असते? अंतर तर नगण्य आहे.

अंतर खरोखरच नगण्य आहे. ई. कोलायच्या पेशीद्रवापासून बाहेरच्या जगापर्यंत जेमतेम तीस-चाळीस नॅनोमीटर जावे लागते. परंतु या वाटेवर दोन पडदे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक वेगळीच खोली आहे. पहिला पडदा, म्हणजे अंतःपटल, ओलांडताना प्रथिनाला बहुधा न घडलेल्या, उलगडलेल्या दोऱ्यासारखे राहावे लागते. त्याच्या सुरुवातीला असलेला संकेतखंड पाहून पेशीची ‘सेक’ ही यंत्रणा त्याला पलीकडे ढकलते. मधल्या खोलीत घडी घालणारी, म्हणजे साखळीला तिचा कामाचा आकार देणारी, प्रथिने असतात, गंधकाचे बंध जोडणारी असतात आणि चुकीची घडी दिसताच तुकडे करणारीही असतात. पाहुण्याची घडी येथे घाईने पूर्ण झाली तर पुढच्या अरुंद वाटेत तो अडकतो आणि घडी फारच लांबली तर कापला जातो. दुसऱ्या पडद्यात, म्हणजे बाह्यपटलात, नांगराला पिंपाच्या आकारात बसवण्याचे काम ‘बॅम’ हा प्रथिनसमूह करतो.

लॅक्टोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंत एकच पडदा आणि त्याबाहेर जाड भित्तिका असते, त्यामुळे वाट सोपी होते. तेथे पाहुण्याच्या शेपटाला एक ठरावीक खूण जोडतात. सॉर्टेज नावाचे विकर ती खूण ओळखून कापते आणि प्रथिनाला भित्तिकेशी रासायनिक बंधाने जोडून टाकते. मात्र जोडणीची जागा भित्तिकेच्या जाडीत असल्याने पाहुण्याला बाहेर डोकावता येईल इतका लांब दांडा मध्ये ठेवावा लागतो. नवखे लोक हा दांडा आखूड ठेवतात आणि पाहुणा भिंतीतच गाडला जातो.

६. नांगर कोणता निवडावा?

याचे एकच उत्तर नाही. पाहुणा किती मोठा आहे आणि त्याचे कोणते टोक मोकळे राहायला हवे, यावर निवड अवलंबून असते.

पाहुणा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा असेल, तर ओम्प-ए, लॅम-बी किंवा ओम्प-एक्ससारख्या पिंपाच्या बाहेरच्या वळणात तो घुसवता येतो. अशा वळणात त्याची दोन्ही टोके बांधली जातात, म्हणून मोठ्या प्रथिनाला ही जागा मानवत नाही. ओम्प-एक्सच्या साखळीची सुरुवात आणि शेवट बदलून दोन्ही टोके बाहेर आणणारी एक आवृत्ती याच अडचणीतून जन्मली आणि पेप्टाइडांच्या कामासाठी ती फार सोयीची ठरली आहे.

पूर्ण विकर मांडायचे असेल तर तीन मार्ग अधिक चालतात. पहिला लिपोप्रथिनाचे आरंभीचे टोक आणि ओम्प-एचा तुकडा यांच्या जोडीचा आहे. तो कामाचा खरा, परंतु उत्पादन वाढवले की बाह्यपटल फाटके होते, आणि त्याचा उपद्रव प्रश्न ८ मध्ये दिसेल. दुसरा मार्ग स्वयंवाहक प्रथिनांचा आहे. त्यांचे शेपूट पडद्यात पिंप बनवते आणि उरलेला भाग त्यातून बाहेर येतो. हे पिंप जेमतेम एक नॅनोमीटर रुंद असल्याने घडी पूर्ण झालेले प्रथिन त्यातून निघत नाही. तिसरा मार्ग सुडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या हिमकेंद्रक प्रथिनाचा आहे. निसर्गात हे प्रथिन शून्याच्या किंचितच खालच्या तापमानाला पाण्याचा बर्फ घडवते. त्याचा मधला भाग एकाच नमुन्याच्या आवर्तनांचा आहे, त्यामुळे आवर्तने कमी-जास्त करून दांड्याची लांबी हवी तशी ठेवता येते.

माझ्या मते एकाच नांगरावर महिनोन्महिने झटण्यापेक्षा सुरुवातीलाच दोन-तीन नांगर समांतर तपासणे शहाणपणाचे आहे. कोणत्या पाहुण्याचे कोणाशी जमेल हे आधी सांगता येत नाही.

७. एका पेशीवर किती रेणू बसतात? त्यातून मिळते तरी किती?

चांगल्या स्थितीत दहा हजारांपासून एक लाखापर्यंत रेणू बसतात. एक लाख ही वरची मर्यादा का, हे साध्या हिशेबाने कळते. पेशीचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मायक्रोमीटर धरले, तर प्रत्येक रेणूच्या वाट्याला ६० चौरस नॅनोमीटर, म्हणजे जवळपास ८ नॅनोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन येतो. ३० किलोडाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) गोलसर प्रथिन साधारण ४ नॅनोमीटर रुंद असते आणि त्याच जागेत जिवाणूची स्वतःची प्रथिनेही बसवायची असतात.

आता एकूण माल पाहू. प्रकाशघनता (पेशींची दाटी दाखवणारे माप) १ असलेल्या एक लिटर संवर्धनात ई. कोलायच्या सुमारे ८०,००० कोटी पेशी असतात. प्रत्येकीवर एक लाख रेणू आणि प्रत्येक रेणू ३० किलोडाल्टनचा, असा गुणाकार केला की साधारण ४ मिलिग्रॅम प्रथिन भरते. निव्वळ प्रथिनाचे उत्पादन हेच उद्दिष्ट असेल तर हा मार्ग निवडू नये.

८. प्रथिन खरोखर बाहेर आहे हे कसे सिद्ध करावे?

सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर लांबले आहे. पेशी फोडून केलेल्या चाचणीत प्रथिन दिसले, तर ते तयार झाले एवढेच कळते. बाह्यपटलाच्या अंशात सापडले, तरी ते पडद्याच्या आतल्या बाजूला लोंबकळत असू शकते. बाहेरपणाचा पुरावा नेहमी अशा गोष्टीने द्यावा लागतो, जी स्वतः आत शिरू शकत नाही.

प्रतिपिंड अशी गोष्ट आहे. त्याचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन असते आणि ई. कोलायच्या बाह्यपटलातील छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचेच रेणू जातात. जिवंत पेशींना बर्फावर ठेवून चमकणाऱ्या रंगाने खूण केलेले प्रतिपिंड दिले आणि पेशी चमकल्या, तर पाहुणा बाहेर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशीची फक्त कड उजळते आणि मध्य काळा राहतो. पोकळ कांडीसारखे ते दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. संपूर्ण पेशी भरून उजेड दिसला तर आनंद मानू नये, कारण प्रतिपिंड आत शिरले आहे आणि पडदा फाटलेला आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. पेशी आधी मिथेनॉलने स्थिर करून मग रंगवल्या आणि जवळजवळ सर्वच पेशी चमकल्या म्हणून तीन आठवडे खुशीत होतो. मिथेनॉल पडदा भोकाळते हे पुस्तकात वाचलेले होते, तरीही. पुढे त्याच पेशी जिवंत असताना रंगवल्या तेव्हा शेकडा दोन-तीनच उजळल्या आणि त्यांतल्याही बऱ्याच मेलेल्या निघाल्या. तेव्हापासून प्रोपिडियम आयोडाइड सोबत घालण्याचा नेम ठेवला आहे. हा रंग फक्त फाटलेल्या पेशींत शिरतो, त्यामुळे त्या हिशेबातून वगळता येतात.

दुसरा पुरावा प्रथिन कापण्याचा आहे. अखंड पेशींना प्रोटिनेज-के दिल्यास बाहेरचा पाहुणा कापला जातो. त्याच नमुन्यात मधल्या खोलीतले एखादे प्रथिन, उदाहरणार्थ माल्टोजला बांधणारे प्रथिन, शाबूत राहिले आहे हे दाखवावेच लागते. ते दाखवले नाही तर पेशीच फुटल्या होत्या, असा आक्षेप उरतो आणि तो रास्त असतो. दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळले तरच निष्कर्ष लिहावा.

९. हिरवे चमकणारे प्रथिन पाहुणा म्हणून लावले आणि पेशी चमकल्या. एवढा पुरावा पुरेसा नाही का?

नाही. प्रकाश आतून येतो की बाहेरून, हे या चमकेवरून कळत नाही. शिवाय साधे हिरवे प्रथिन सेकच्या मार्गाने मधल्या खोलीत गेले तर त्याची घडी नीट पडत नाही आणि ते चमकतच नाही. म्हणजे अशा रचनेत दिसणारी चमक बहुधा पेशीद्रवात अडकून राहिलेल्या मालाची असते. या प्रथिनाच्या जलद घडी घेणाऱ्या आवृत्त्या मधल्या खोलीतही चमकू शकतात, पण मधली खोली म्हणजे बाहेर नव्हे. पाहुण्याला छोटी ओळखखूण जोडून प्रश्न ८ मधल्या रीतीनेच तपासावे.

१०. प्रथिन तयार होते, पण पृष्ठभागावर दिसत नाही. काय करावे?

प्रथम उत्पादन कमी करावे. हे उलटे वाटते, परंतु प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, जोरात चालवला की बाहेर नेणारी यंत्रणा तुंबते आणि सगळा माल आत गोळा होतो. प्रेरक रसायनाचे प्रमाण दहापट कमी करून आणि तापमान ३७ वरून २५ ते ३० अंश सेल्सियसवर आणून पाहावे. बहुतेकांची अडचण येथेच सुटते.

न सुटल्यास पाहुण्यातील सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्ले) मोजावेत. मधल्या खोलीत गंधकाचे बंध पडून पाहुणा आधीच घडी घेत असेल तर स्वयंवाहकाच्या पिंपात तो अडकतो, आणि तेव्हा बंध जोडणारे डीएसबी-ए हे प्रथिन नसलेला वाण उपयोगी पडतो. तिसरी शक्यता अशी की पाहुणा बाहेर पोहोचतो आणि तेथेच कापला जातो. के-१२ च्या बाह्यपटलात ओम्प-टी नावाचे कात्रीसारखे विकर असून ते लागोपाठच्या दोन धनभारित अमिनो आम्लांच्या मध्ये कापते. ई. कोलायच्या बीएल-२१ वाणात ते नसते, म्हणून तुलनेसाठी तो जवळ ठेवावा. शेवटची शक्यता लपण्याची आहे. पृष्ठभागावर लांब शर्करासाखळ्या असलेल्या वाणांत छोटा पाहुणा बाहेर असूनही त्या जंगलात झाकला जातो.

११. विषाणू, यीस्ट आणि जिवाणू यांपैकी कोणावरचे प्रदर्शन, म्हणजे प्रथिनांची मांडणी, चांगले?

कामावर अवलंबून आहे. वेगवेगळे पाहुणे मिरवणाऱ्या जिवाणूभक्षी विषाणूंचे संग्रह सर्वांत मोठे करता येतात, परंतु विषाणू इतका लहान असतो की एकेक विषाणू मोजून वेगळा काढणे अवघड जाते. जिवाणू पेशी-वर्गीकरण यंत्रातून एकेक करून जातात. सेकंदाला २०,००० पेशी या वेगाने १० कोटींचा संग्रह दीड तासाच्या आत तपासून होतो, आणि कोणता पाहुणा किती घट्ट धरतो हे त्याच वेळी आकड्यांत दिसते. १९९७ मध्ये पुढे आलेले यीस्ट-प्रदर्शनही याच यंत्रावर चालते. यीस्टमध्ये गुंतागुंतीची घडी चांगली पडते, मात्र वाढ सावकाश होते आणि संग्रह लहान राहतो.

एक सावधगिरी जिवाणूंच्या बाबतीत विशेष लागते. पेशीवर हजारो पाहुणे असल्याने ढिले धरणारे अनेक हात मिळून घट्ट पकडीचा भास निर्माण करतात. निवडलेला पाहुणा सुटा बनवून पुन्हा मोजल्याशिवाय आकडा जाहीर करू नये.

१२. फार मोठे किंवा अनेक उपघटकांचे प्रथिन मांडता येईल का?

प्रश्न ५ मधला मार्ग अशा प्रथिनांना बहुधा झेपत नाही. परंतु बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंची गोष्ट वेगळी आहे. बीजाणू मातृपेशीच्या आत घडतो आणि त्याचे कवच मातृपेशीच्याच पेशीद्रवातून बाहेरच्या बाजूने चढवले जाते. त्यामुळे कवचाच्या प्रथिनाला जोडलेल्या पाहुण्याला एकही पडदा ओलांडावा लागत नाही आणि तो पूर्ण घडी घेऊनच जागेवर बसतो. बीटा-गॅलॅक्टोसिडेजसारखे चार उपघटकांचे विकर या मार्गाने मांडता आले आहे. काम झाल्यावर मातृपेशी फुटते आणि बीजाणू मोकळा होतो. या साऱ्या क्षेत्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती हीच.

कार्यासाठी मानवी पद्धतीच्या शर्करासाखळ्या आवश्यक असलेली प्रथिने मात्र कोणत्याच जिवाणूवर मांडू नयेत. त्या साखळ्या हे जिवाणू जोडत नाहीत.

१३. काही पिढ्यांनंतर प्रदर्शन कमी होते. असे का?

परके प्रथिन बाळगणे पेशीला महाग पडते. ज्या पेशीचे प्लाझ्मिड (परके जनुक वाहणारे डीएनएचे सुटे कडे) गळाले किंवा जनुक बिघडले ती वेगाने वाढते आणि दोन-तीन दिवसांत संवर्धन तिचेच होऊन जाते. दर वेळी गोठवून ठेवलेल्या साठ्यातून ताजी वसाहत घ्यावी, प्रवर्तक गरज पडेपर्यंत बंद ठेवावा आणि दीर्घकाळ काम असेल तर जनुक गुणसूत्रातच बसवावे.

१४. जिवाणू जिवंतच असावा लागतो का? जनुकीय बदल न करता हे जमते का?

दोन्हींचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. पाहुण्याचे काम पेशीच्या चयापचयावर अवलंबून नसेल तर मारलेल्या पेशीही चालतात, फक्त मारण्याच्या रीतीने पाहुण्याची घडी मोडता कामा नये. लॅक्टोकॉकसच्या पेशी गरम आम्लात ठेवल्या तर आतले बहुतेक प्रथिन आणि डीएनए निघून जातात आणि भित्तिकेचा पोकळ सांगाडा उरतो. भित्तिकेला चिकटणारा तुकडा जोडलेले प्रथिन अन्यत्र बनवून या सांगाड्यांत मिसळले की ते बाहेरून बसते. येथे सांगाडा ज्या जिवाणूचा आहे त्याच्या जनुकांना हातही लावलेला नसतो.

१५. निरुपद्रवी जिवाणू पाहुणा लावल्यावरही निरुपद्रवीच राहतो का?

हे गृहीत धरता येत नाही. १९८५ मध्ये यर्सिनिया सुडोट्युबरक्युलोसिसचे इन्व्हेसिन हे एकच जनुक के-१२ मध्ये घातल्यावर तो जिवाणू संवर्धनातील प्राण्यांच्या पेशींत शिरू लागल्याचे दिसून आले. पृष्ठभाग हीच जिवाणूची इतर पेशींशी बोलण्याची जागा आहे, म्हणून जोखमीचा विचार यजमान आणि पाहुणा यांचा एकत्र करावा लागतो. चिकटणारी, शिरणारी किंवा विषाचा अंश असलेली प्रथिने निवडताना संस्थेच्या जैवसुरक्षा समितीशी आधी बोलणे बंधनकारक समजावे.

‘निरुपद्रवी’ हा शब्दही तपासून घ्यावा. १९१७ मध्ये आल्फ्रेड निसले यांनी वेगळा केलेला ई. कोलाय निसले १९१७ हा वाण शतकभर प्रोबायोटिक म्हणून दिला गेला आहे, तरीही डीएनएला इजा करणारे कोलिबॅक्टिन बनवणारी जनुके त्याच्यात आहेत. ई. कोलायच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड रक्तात गेल्यास तीव्र ताप आणते, हेही टोचण्याच्या लसीचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये.

१६. मग असे जिवाणू माती-पाण्यात सोडून प्रदूषण साफ करता येईल का?

प्रयोगशाळेत उदाहरणे आहेत. २००० साली धातू सहन करणाऱ्या मातीतील एका जिवाणूवर उंदराचे मेटॅलोथायोनीन हे धातूला बांधणारे प्रथिन मांडून कॅडमियमचा रोपांवरील विषारी परिणाम कमी करून दाखवण्यात आला. खुल्या वातावरणात सोडणे हा मात्र वेगळा विषय असून त्याला संबंधित देशाच्या नियामकाची परवानगी लागते. प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक खूण म्हणून वापरलेला वाण त्यासाठी मुळातच अपात्र समजावा. बाहेर जगण्यासाठी एखादे पोषकद्रव्य पुरवावेच लागेल अशी परावलंबी रचना उपलब्ध आहे, परंतु मोठ्या संख्येत काही पेशी अशा बंधनातून निसटतात. बंद टाकीत पेशी स्थिर करून त्यांवरून दूषित पाणी नेणे हा त्यापेक्षा बरा मार्ग आहे.

१७. पाहुणा नसलेल्या पेशींनाही प्रतिपिंड चिकटते. चूक कुठे असावी?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस वापरला असेल तर चूक नाहीच. त्याच्या भित्तिकेतील प्रथिन-ए बऱ्याच प्रकारची प्रतिपिंडे शेपटाकडून पकडते. कार्नोसस वाणात हे प्रथिन नसते आणि तो पसंत केला जातो त्याचे हेही एक कारण आहे. ई. कोलायच्या बाबतीत प्राण्यांपासून मिळवलेल्या बहुजातीय (अनेक प्रकारांच्या मिश्रणाच्या) प्रतिपिंडांवर संशय घ्यावा, कारण त्या प्राण्याचा ई. कोलायशी आधीच सामना झालेला असतो आणि त्याच्या रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे तयारच असतात. रक्तद्रव रिकाम्या पेशींसोबत तासभर ठेवून त्या पेशी अपकेंद्रित्रात खाली बसवाव्यात आणि वरचा द्रव वापरावा. एवढे करूनही रिकाम्या पेशी उजळत राहिल्या, तर त्या नमुन्यात मेलेल्या पेशी किती आहेत ते प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोजावे.